कडब्याच्या गंजीमागची पायलट

आमच्या घरात कुठलीही वस्तू अर्धी भरून ठेवायची पद्धत नव्हती. रांजण काठोकाठ हवा, पिठाचा डबा झाकण दाबून बसवावं लागेल इतका गच्च हवा, आणि पाहुण्याच्या कपातला चहा थोडा बशीत सांडला नाही तर आत्तीला वाटायचं की आपण पाहुण्याचा पाणउतारा केला. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं होऊन माहेरी आली आणि कोठीच्या किल्ल्या कमरेला खोचून बसली, ती शेवटपर्यंत उठली नाही. तिच्या हाताखाली आई, आईच्या हाताखाली मी, घरची आशी, आणि आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर आण्णा. आण्णा माझे थोरले चुलते, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. फौज सुटली तरी फौजेची हिंदी सुटली नव्हती. म्हशीलासुद्धा ते 'पीछे हट' म्हणायचे आणि म्हैस मराठी असूनही मागे सरकायची. माझे वडील तेव्हा अजून नोकरीत होते, वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचे आणि आण्णांसमोर खाली मान घालून जेवायचे. आण्णांचा मुलगा विक्रम माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. त्याचं काम काय होतं हे विचाराल तर तो मोटरसायकलवर बसून कुठंतरी जायचा आणि जेवायच्या वेळी परत यायचा.

अशा घरात ड्रोन आला. तो आमचा नव्हता, आईच्या बचत गटाचा होता. दहा बायकांचा गट, आई त्याची अध्यक्ष. सरकारी योजनेतून गटाला फवारणीचा ड्रोन मंजूर झाला तेव्हा ट्रेनिंगला एक बाई पाठवायची होती आणि दहाजणींच्या घरात बारावी सायन्स झालेली मी एकटीच सापडले. पुण्याजवळ पंधरवडाभर राहून, परीक्षा देऊन, फोटो चिकटवलेलं कार्ड गळ्यात घालून मी परत आले तेव्हा गटातल्या बायकांनी मला ओवाळलं. आण्णांनी ते कार्ड हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, "बहोत अच्छा. आता हे समदं इक्रमला शिकव." आमच्याकडे सरपंच बाई असली की खुर्चीत नवरा बसतो, आणि दूध डेअरीची सभासद बाई असली की बिल पोरगा उचलतो. तसंच ड्रोनचंही होणार हे आण्णांनी ठरवून टाकलेलं होतं. कागदावर बाई आणि वावरात बाप्या, ही आमच्याकडची जुनी तोड. मला त्याचा राग आला असं आज लिहायला बरं वाटतं, पण तेव्हा मी मान डोलावली आणि विक्रमला शिकवायला बसले.

विक्रम शिकला नाही. त्याला ड्रोन उडवायचा नव्हता, ड्रोनशेजारी काळा गॉगल लावून उभं राहायचं होतं. आधी रिमोट चालू करायचा, मग ड्रोनची बॅटरी. बंद करताना उलटं, आधी बॅटरी, मग रिमोट. बॅटरीचं बटण एकदा टिचकी मारल्यासारखं दाबायचं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबून धरायचं, दिवे ओळीनं लागेपर्यंत. एवढं त्याला चार दिवसांत जमलं नाही. तो बटणाला अंगठा लावून बसायचा, दारावरची बेल दाबावी तसा, आणि म्हणायचा, "माल खराब हाय गं." शेवटी उसाच्या फवारणीला मीच जायचे. पुरुषभर वाढलेल्या उसात पाठीवरचा पंप घेऊन शिरणं म्हणजे पानांनी अंग चिरून घेणं, त्यामुळे ड्रोनला मागणी भरपूर. मी बांधावर उभी राहून फवारायचे, विक्रम मोटरसायकल टेकवून शेजारी उभा असायचा आणि शेतकरी त्यालाच म्हणायचे, "झ्याक मारलास गड्या."

खरी भानगड बॅटऱ्यांची होती. चार बॅटऱ्या, प्रत्येक दीड विटेएवढी, निळ्या आवरणातली, उचलली की हात खाली ओढणारी. ट्रेनिंगमधल्या सरांनी बॅटरीचे नियम आमच्याकडून पाढ्यासारखे म्हणून घेतले होते. उडून आलेली बॅटरी गरम असते, ती निवल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. चार्जिंग चालू असताना उठून जायचं नाही. गादी, गोधडी, गवत, लाकडाचा ढलपा जवळ नको; फरशी हवी, हवा हवी, शेजारी कोरड्या वाळूची बादली हवी. आठ-दहा दिवस वापरायची नसेल तर भरून ठेवायची नाही, निम्मीच ठेवायची. आणि फुगली तर तिचा मोह सोडायचा, ती मेलेली समजायची. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मग त्यात काय नवीन? उकळत्या दुधाला कोन इरजान लावतंय व्हय? कोमट झाल्यावरच लावायचं." आईचं माहेर कवठे महांकाळच्या दुष्काळी बाजूला, तिचे आजोबा-पणजोबा मेंढरं घेऊन हिंडलेले. अर्ध्या हंड्यात दिवस काढलेल्या बाईला अर्धी बॅटरी म्हणजे काही अपशकुन वाटला नाही.

आत्तीला वाटला. पावसाळा लागला, फवारणी थांबली आणि मी चारही बॅटऱ्या निम्म्या करून ठेवायला निघाले, तेव्हा तिनं माझा हात धरला. "भरल्या घरात अर्धं भांडं ठेवतीस? अवदसा बोलावतीस का?" मी तिला बॅटरीच्या पोटातली रसायनं समजावायला गेले, पण माझी मलाच ती नीट समजलेली नव्हती. आण्णा म्हणाले, फौजेत बंदूक भरलेलीच ठेवतात. फौजेत बंदूक भरून ठेवतात की नाही हे मला माहीत नाही, पण सुभेदाराला हे विचारायची सोय नव्हती. अखेर आईनं तंटा मिटवला. जमिनीची वाटणी होते तशी बॅटऱ्यांची वाटणी झाली. दोन आत्तीच्या, दोन माझ्या. माझ्या दोन निम्म्या करून, वडिलांच्या जुन्या फौजी ट्रंकेत तळाला वाळू घालून ओसरीच्या थंड कोपऱ्यात ठेवल्या. आत्तीच्या दोन गच्च भरून कोठीत, चुलीच्या भिंतीला लागून, उबेला. दर चार-आठ दिवसांनी विक्रम त्यांना पुन्हा चार्जर लावायचा. कोठीतून चार्जरच्या पंख्याचा घुंई आवाज आला की आत्तीच्या चेहऱ्यावर तान्हं पोर दूध पीत असल्याचं समाधान दिसायचं.

भाद्रपदात एक दिवस तिनं मला हाक मारली आणि कौतुकानं बॅटरी दाखवली. निळं आवरण मधोमध टरारून वर आलं होतं. "बग, बग. बाळसं धरलंय. तुज्या त्या दोन उपाशी ठेवल्यास, हाडं निगाल्यात त्यांची." मी घाबरून दोन पावलं मागे सरले. दुसरीही थोडी फुगली होती. मी आण्णांना सांगितलं, या दोन्ही आता वापरायच्या नाहीत, मोकळ्या जागेत वाळूत ठेवून सर्व्हिसवाल्याला बोलवा. आण्णा म्हणाले, "नयी चीज है. थोडी हवा धरली आसंल." मी विक्रमला सांगितलं, तो म्हणाला, "फुगली म्हणजी पॉवर जास्ती." त्या घरात माझ्या कार्डाची किंमत किती होती ते यावरून कळावं. मी आईच्या मदतीनं दोन्ही उचलून परड्यातल्या पत्र्याच्या शेडात ठेवल्या. संध्याकाळी आत्तीनं त्या पुन्हा कोठीत आणल्या, कारण लेकराला बाहेर कोण ठेवतं.

आता विक्रमच्या लग्नाबद्दल लिहायला हवं, कारण ड्रोनचा आणि त्याचा संबंध आला. त्या काळात आमच्याकडे पोरांना पोरी मिळत नव्हत्या. पाच एकर बागायत, दारात ट्रॅक्टर, स्लॅबचं घर, सगळं असलं तरी पाहुणे विचारायचे, "पोरगा करतो काय?" आणि 'शेती' म्हटलं की हातातला कप खाली ठेवायचे. विशेष म्हणजे कप खाली ठेवणारे स्वतः शेतकरीच असत. विक्रमला तीन वर्षांत अकरा ठिकाणांहून नकार आला होता. मग विक्रमच्या डोक्यातून निघालं की आण्णांच्या, मला माहीत नाही, पण त्याच्या बायोडाट्यात एक नवी ओळ आली: 'व्यवसाय – ड्रोन पायलट'. सोबत फोटो, ड्रोनशेजारी, गॉगल लावून. आठ दिवसांत कऱ्हाडकडच्या पाहुण्यांचा निरोप आला. दसऱ्याला घर बघायला येतो आणि जावईबापूंचा ड्रोनही उडताना बघतो. मुलगी येणार नव्हती. आमच्याकडे मुलगी बघायला अख्खी वाडी जाते, घर बघायला मात्र मुलगी जात नाही.

आण्णांनी मला ओसरीवर बोलावलं आणि मोहिमेचा नकाशा सांगितला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ड्रोन उभा करायचा, म्हणजे सगळ्यांना दिसेल. विक्रम समोर रिमोट घेऊन उभा राहील. तो रिमोट त्याच्या फोटोग्राफर मित्राचा असेल, ज्याचा लग्नाचं शूटिंग करणारा ड्रोन नारळाच्या झाडात अडकून गेला होता आणि रिमोट तेवढा उरला होता. खरा रिमोट घेऊन मी कडब्याच्या गंजीमागे बसेन आणि तिथून उडवीन. "दो मिनिट का काम है. भावाचं घर बसतंय, तुजं काय जातंय?" मी आईकडे बघितलं. आई खाली बघत शेंगा फोडत होती. मी हो म्हणाले. मला कुणी मारलं नव्हतं की कोंडून ठेवलं नव्हतं. नुसतं विचारलं आणि मी हो म्हणाले, याची लाज मला आज म्हातारपणीही वाटते. लग्न झाल्यावर विक्रम त्या बाईच्या लेखी कायमचा पायलट होणार, मग मलाही कायम गंजीमागेच बसावं लागणार आणि माझं कार्ड ट्रंकेत जाणार, हे न कळण्याइतकी मी लहान नव्हते.

खंडेनवमीला घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा झाली. विळे, खुरपी, कोयता, आण्णांचं फौजेतलं सुरीचं म्यान, ट्रॅक्टर आणि सगळ्यांच्या मधोमध ड्रोन. आत्तीनं त्याच्या सहाही पंखांना हळदीकुंकू लावलं आणि बॅटरी बसते त्या खाचेत मूठभर अक्षता टाकल्या. रात्र व्हायच्या आत मी जुन्या दातांच्या ब्रशनं ती खाच साफ केली, तर आत्ती दोन तास माझ्याशी बोलली नाही. दसऱ्याला सकाळपासून पुरण शिजत होतं, घरभर वेलदोड्याचा वास, अंगणात विक्रमच्या मित्रांनी आणलेले दोन मोठे स्पीकर ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना लावलेले. मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं की ड्रोनवर बॅटरी माझ्या ट्रंकेतली बसेल, नाहीतर मी उडवणार नाही. आण्णांनी ते ऐकलं, कारण दुसरा उपाय नव्हता. त्या घरात मी एवढाच काय तो हट्ट केला होता.

पाहुणे आले. मुलीचे वडील, शांत माणूस, डोक्याला पांढरी टोपी. मुलीचे मामा, वीज खात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले आणि खातं अजून आपल्याच खिशात असल्यासारखे बोलणारे. आणि मुलीचा थोरला भाऊ, जो आल्यापासून मोबाईलवर सगळ्याचं शूटिंग करत होता. जेवणं झाली. मंडळी अंगणात खुर्च्यांवर बसली. मी खऱ्या रिमोटचा पट्टा गळ्यात अडकवून गंजीमागे उकिडवी बसले होते, कडब्याची कुसं मानेत जात होती. विक्रम गॉगल लावून समोर आला. त्याचा तो मेलेला रिमोट त्यानं छातीशी असा धरला होता की बघणाऱ्याला वाटावं आता हा विमान उडवतोय. त्यानं ट्रॉलीवर चढून बॅटरीचं बटण दाबलं, यावेळी मी घोकून घेतल्यामुळे बरोबर दाबलं. ड्रोन टुणटुण वाजला, दिवे लागले, मित्रांनी शिट्ट्या मारल्या. मी इकडून पंखे सुरू करायला रिमोटच्या दोन्ही काड्या ओढल्या. काहीच हललं नाही. माझ्या पडद्यावर लाल पट्टी आली होती, होकायंत्रात गडबड आहे म्हणून.

मला एका नजरेत कळलं. ड्रोनला दिशा सांगणारं जे होकायंत्र असतं ते पृथ्वीच्या चुंबकावर चालतं, आणि आमच्या शहाण्यांनी त्याला लोखंडी ट्रॉलीवर बसवून दोन्ही बाजूंना स्पीकरचे डबे लावले होते. त्या डब्यांत हाताएवढाले चुंबक. ड्रोन खाली उतरवून वीस पावलं लांब नेला की झालं. पण हे मी सांगणार कसं? मी तर तिथं नव्हतेच. विक्रमला फोन लावला, तर त्याचा फोन स्पीकरला गाणी वाजवायला जोडून ठेवलेला, त्याच्या हाती नव्हताच. मी गंजीच्या कडेनं डोकं काढून हात हलवला, आण्णांनी डोळे वटारले आणि मी परत आत.

मग सुरू झाली दुरुस्ती. आमच्या गावात यंत्र बंद पडलं की माणसं आपोआप उगवतात. ट्रॅक्टरचा मिस्त्री म्हणाला, "पलग साफ करा." कुणीतरी म्हणालं, बॅटरी काढून तिच्या टोकाला फुंकर मारा, मोबाईलची मारतात तशी. मारली. एकजण म्हणाला, नारळ फोडलाय का? नव्हता फोडला, तो फोडला, पाणी ड्रोनवर उडालं. मामा वायरमन खुर्चीतून उठून आले, पंखा बोटानं फिरवून बघितला आणि निदान केलं, "एक फेज गेलाय." आण्णा म्हणाले, "रीस्टार्ट मारो." विक्रमनं चौदा वेळा बंद-चालू केलं. प्रत्येक वेळी ड्रोन टुणटुण वाजायचा आणि गंजीमागे माझ्या पडद्यावर तीच लाल पट्टी यायची. कुणी एकानं तर ढकलून बघू असंही सुचवलं. मी कडब्यात तोंड खुपसून हसत होते, खोटं कशाला बोलू. मनातल्या मनात म्हणत होते, बसा आता गॉगल लावून.

हसू थांबलं ते आत्तीच्या आवाजानं. ती दारातून गरजली, "म्या पयल्यापासनं सांगतीया, अर्ध्या पोटी कोन काम करतंय? ती आशीची उपाशी बॅटरी काडा आन् माजी लावा!" सगळ्यांना हे एकदम पटलं. बॅटरी अर्धी, म्हणून उडत नाही, इतकं सरळ. विक्रम धावत कोठीत गेला आणि फुगलेली बॅटरी घेऊन आला. तीच, बाळसं धरलेली. सकाळीच त्यानं ती पुन्हा गच्च भरून ठेवली होती. ट्रॉलीवर चढून तो ती खाचेत बसवू लागला, पण फुगवट्यामुळे ती बसेना. त्यानं गुडघ्यानं दाबली. मग तो मिस्त्रीला म्हणाला, "हातोडी द्या जरा. पोचा आलाय, बसवतो." बादलीचा पोचा काढतात तसा तो बॅटरीचा पोचा काढणार होता. त्यानं ती ट्रॉलीच्या फळीवर आडवी ठेवली. शूटिंग करणारा पाहुणा जवळून दिसावं म्हणून वाकला, ट्रॉलीच्या चाकाजवळ गल्लीतली चार पोरं उभी होती.

मी क्षणभर थांबले. हे लिहिलंच पाहिजे. बाहेर पडले तर विक्रमचं स्थळ गेलं, आण्णांची अब्रू गेली, मी घरबुडवी ठरले, हे सगळं माझ्या डोक्यात आलं आणि मी एक श्वासभर बसून राहिले. तेवढ्यात हातोडीचा पहिला घाव पडला. "इक्रम, टाक ती! लांब हो!" मी ओरडत गंजीमागून पळाले. गळ्यात रिमोट, डोक्यात कडबा. बॅटरीतून साप फुत्कारावा तसा आवाज आला, मग पांढरा धूर, गोडसर, घशात बसणारा. विक्रम हातोडी टाकून ट्रॉलीवरून उडी मारून पळाला. मी पोरांना ढकललं, भिंतीला टेकलेलं फावडं घेतलं आणि बॅटरी फळीवरून खाली ओढून नव्या सुनेसाठी बांधायला काढलेल्या खोलीच्या वाळूच्या ढिगाकडे लोटली. ती ढिगापाशी पोचली आणि भडकली. पुरुषभर जाळ. आण्णा ओरडले, "पानी लाओ!" मी त्यांच्यावर ओरडले, "पाणी न्हाई, वाळू टाका!" आयुष्यात पहिल्यांदा मी आण्णांवर ओरडले, आणि आश्चर्य म्हणजे सुभेदारांनी घमेलं उचलून वाळू टाकली. आई दुसऱ्या घमेल्यानं टाकत होती. जाळ दबला, धूर बराच वेळ निघत राहिला. माझ्या मनगटावर भाजल्याचा डाग अजून आहे.

अंगणातले सगळे माझ्या गळ्यातल्या रिमोटकडे बघत होते आणि मग ट्रॉलीवर पडलेल्या विक्रमच्या रिमोटकडे. आता लपवायचं काय राहिलं? मी मिस्त्रीला म्हटलं, स्पीकर बंद करा. माझी उपाशी बॅटरी पुन्हा खाचेत बसवली. आई न सांगता पुढे आली आणि आम्ही दोघींनी ड्रोन ट्रॉलीवरून उचलून मोकळ्या खळ्यावर नेला. होकायंत्र नीट व्हायला ड्रोन हातात धरून गोल फिरवावा लागतो, आधी आडवा, मग उभा करून. आई एका बाजूला, मी दुसऱ्या, आम्ही जात्याच्या खुंट्यासारख्या गरगर फिरलो. मग तो खाली ठेवला, सगळ्यांना मागे सारलं, रिमोट बघितला. लाल पट्टी गेली होती. काड्या ओढल्या आणि सहाही पंखे घोंगावले, खळ्यावरची धूळ पाहुण्यांच्या पांढऱ्या टोप्यांवर बसली. ड्रोन वर गेला, उसावरून एक लांब फेरी मारून आला आणि मी तो ठेवला तिथंच अलगद उतरवला. आता कावळ्यांइतके ड्रोन उडतात आणि कुणी मान वर करत नाही, पण त्या दिवशी आत्तीनंसुद्धा पदर डोळ्यांवर धरून वर बघितलं.

पाहुणे लगेच उठून जातील असं मला वाटलं होतं. ते उठले नाहीत. ओसरीवर परत बैठक बसली. मामा म्हणाले, "म्हणजी खरी पायलट ही हाय व्हय?" विक्रम कोपऱ्यात, गॉगल खिशात. मुलीच्या वडिलांनी टोपी झटकली, सावकाश घातली आणि म्हणाले, "सुभेदार, झालं गेलं ऱ्हाऊ द्या. आमच्या पोरीचं न्हाई जमायचं. पर आमचा ह्यो थोरला हाय. शेती बगतो. तुमच्या पुतनीला आमी मागनी घालतो." थोरल्यानं पहिल्यांदा मोबाईल खाली केला. वडील पुढे म्हणाले, "एकच इचारतो. लगीन झाल्यावं ड्रोन संगं येतोय न्हवं?"

मी आण्णांकडे बघितलं. मघाशीच अब्रू गेलेला तो माणूस आता बोटं मोजल्यासारखा विचार करत होता. "बैठ के बात करेंगे," ते म्हणाले. तेव्हा आई चौकटीतून बाहेर आली. पुरुषांच्या बैठकीत ती कधी बोललेली मी ऐकली नव्हती. हात अजून वाळूचे होते, ते तिनं पदराला पुसले. "पाव्हणं, ड्रोन धा बायकांचा हाय. त्यो कुटं जायचा न्हाई. आन् पोरगी तिची तिची हाय. आमाला काय इचारताय, तिला इचारा." आणि त्या ओसरीवरची सगळी माणसं माझ्याकडे वळली. शेंगा फोडताना खाली बघत बसलेल्या आईवर मी महिनाभर मनातून चिडून होते. तो सगळा राग तिथंच गळून पडला, मला रडू यायला लागलं आणि मी ते दाबून धरलं. मी म्हणाले, "मला न्हाई करायचं. उद्या सकाळी पाटलाच्या उसात फवारणी हाय."

आण्णांना काहीतरी बोलणं भाग होतं. घराचे सुभेदार होते ते. त्यांनी माझ्यासमोर हात पसरला, मोठा, वाळूनं भरलेला हात. "आशे, लय झालं. रिमोट हिकडं दे आन् आत जाऊन पाव्हण्यांना चा टाक." त्या आवाजाला त्या घरात कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं. माझ्या वडिलांनीही नाही. मी रिमोटचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, "देते आण्णा. तुमी परीक्षा द्या, पास झाला की देते."

मामा वायरमन फस्सकन हसले. आण्णांचा हात तसाच पुढे राहिला, मग हळूहळू खाली गेला. कुणीच उठेना. शेवटी कोपऱ्यातून विक्रम उठला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "साखर कुटं असती गं?" आणि चहा टाकायला आत गेला.